कामाला जाते त्या घरात हीटिंग बंद असतं. मागावं का?

रानजाई (रीडिंग)

नमस्कार. वाचते बरेच दिवस, लिहिते आज पहिल्यांदा.

नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी इंग्लंडात आलो. डिपेंडंट व्हिसावर मला काम करायची मुभा आहे. कोल्हापुरात मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. इथे मुलीच्या शाळेच्या वेळात बसेल असं काम शोधता शोधता घरं साफ करायला लागले. आता चार घरं आहेत, सगळी माझी मी धरलेली, एजन्सीतून नाही. काम मला आवडतं आणि मी ते नीट करते.

प्रश्न मंगळवारच्या घराचा आहे. दोघंही आठला बाहेर पडतात, हीटिंग टायमरवर साडेसातला बंद होतं. मी साडेनऊला पोचते तोवर घर निवलेलं असतं. गेल्या मंगळवारी पॅसेजमधला थर्मोस्टॅट १२ दाखवत होता, साडेअकराला ११. अंगात थर्मल, वर स्वेटर, त्यावर बिनबाह्यांचं जाकीट. हूव्हर (व्हॅक्यूम क्लीनर) फिरवताना, जिने चढता-उतरताना काही वाटत नाही. पण बाथरूममध्ये गुडघ्यांवर बसून टाइल्सच्या फटी घासायला लागलं की गारठा हाडात शिरतो. गरम पाण्यात हात घातला की बरं वाटतं आणि बाहेर काढला की दुप्पट गार. त्या दिवशी साबणाची काचेची डिश हातातून सुटून फुटली. ती हातात आहे हे बोटांना कळतच नव्हतं. पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत, चांगली माणसं आहेत. पण संध्याकाळी मेसेज आला की स्वयंपाकघराच्या फरशीवर पावलांचे ठसे राहिलेत. गार घरात पुसलेली फरशी वाळतच नाही हो. मी निघताना अर्ध्या फरशीवर ओल तशीच होती.

थर्मोस्टॅटला हात लावायचा धीर झाला नाही. घर त्यांचं, बिल त्यांचं. हीटिंग मागणं बरोबर आहे का? की कामच असं आहे म्हणून आपणच कपडे वाढवायचे?

सोनचाफा (पुणे)

माग. बिनधास्त माग.

थेम्सकाठचा (लंडन)

रोखठोक लिहितो, राग मानू नका. आमच्याकडेही दर शुक्रवारी बाई येतात, म्हणजे मी दुसऱ्या बाजूचा.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सरासरी वापराच्या घरासाठी वीज-गॅसच्या बिलाची वरची मर्यादा वर्षाला १,२७७ पौंड होती. पुढच्या ऑक्टोबरसाठी ३,५४९ जाहीर झाली, सरकारने मध्ये पडून २,५०० वर रोखली. तो हिवाळा ज्यांनी इथे काढला त्यांच्या सवयी कायमच्या बदलल्या. आम्ही स्वतः घरात १७ च्या वर जात नाही, मुलं गोधडी घेऊन अभ्यासाला बसतात. रिकाम्या घरात तीन तास हीटिंग चालवायचं हे पटायला जड जातं. शिवाय सफाईचं काम हालचालीचं आहे. आमच्या बाई तर पंधरा मिनिटांत स्वेटर काढून ठेवतात. आणि स्वतंत्र व्यवसाय म्हटला की अवजारं, कपडे, विमा हे आपलं आपण बघायचं असतं. गवंडी गिऱ्हाइकाकडे हीटर मागत नाही.

हळदकुंकू (स्लाव)

थेम्सकाठचे, एक चूक दाखवते. घर रिकामं नाही. रानजाई आहेत ना आत.

चहाबाज (नाशिक)

आधी आल्याचा चहा तरी ठेवतात का ती माणसं?

रानजाई

ठेवतात. किटलीशेजारी माझ्यासाठी वेगळा कप काढलेला असतो. पण चहाने पोट गरम होतं, बोटं नाही :)

नियमावली (बर्मिंगहॅम)

इथल्या कामगार कायद्याशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. या बाबतीत दोन्ही बाजूंचा गैरसमज असतो.

'१६ डिग्री हवेच' असं पुष्कळ जण सांगतील. तो आकडा १९९२ च्या कामाच्या जागांविषयीच्या नियमांसोबत असलेल्या आचारसंहितेतला आहे. बैठं काम असेल तर किमान १६, अंगमेहनतीचं असेल तर १३. मूळ नियमात आकडाच नाही, तिथे 'वाजवी तापमान' एवढंच म्हटलं आहे. आणि मुख्य गोष्ट अशी की हे नियम राहत्या घरांना लागूच नाहीत. कामाच्या जागेची व्याख्या करतानाच घरं वगळली आहेत.

त्याच्या मागे १९७४ चा आरोग्य-सुरक्षा कायदा आहे. त्याचं कलम ५१ म्हणतं की खाजगी घरातल्या घरगुती नोकराच्या बाबतीत हा भाग लागू नाही. म्हणजे ऑफिसात जे संरक्षण झाडू मारणाऱ्याला आहे, ते त्याच माणसाला घरमालकाने थेट नोकरीवर ठेवलं तर नाही. एजन्सीने नोकरीवर ठेवलं असेल तर एजन्सी ही मालक, आणि तिची जबाबदारी सुटत नाही. रानजाईताई स्वतंत्र व्यवसाय करतात, तेव्हा त्यांचं आणि घरमालकाचं जे ठरेल ते. कायदा त्यांच्या मदतीला येणार नाही, पण त्यांना अडवणारही नाही. 'या तापमानाखाली मी काम करणार नाही' ही अट त्या घालू शकतात, जशी तासाच्या दराची घालतात.

१३ चा आकडा मात्र लक्षात ठेवा. थेम्सकाठचे म्हणतात तसं हे काम हालचालीचं धरलं, तरी मंगळवारचं घर त्याच्या खालीच आहे.

थेम्सकाठचा

१३ चं माहीत नव्हतं. मान्य. ११ फारच झालं.

पाठीवरची_पिशवी (कॉव्हेंट्री)

मी विद्यार्थी आहे. आमच्या व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तास, आणि स्वतंत्र व्यवसाय चालत नाही, म्हणून मी एजन्सीत पगारावर आहे. माणसं सुट्टीला गेलेली घरं, भाडेकरू गेलेले फ्लॅट अशी कामं येतात. तिथे हीटिंग सोडा, कधी कधी गॅसच बंद असतो, म्हणजे गरम पाणीही नाही. गार पाण्याने ओव्हनचा चिकटा काढून बघा एकदा. सुपरवायझरला विचारलं तर म्हणाले, लवकर हात चालव म्हणजे ऊब येईल. मग घामेजून बाहेर पडायचं आणि चाळीस मिनिटं बसची वाट बघायची. नोव्हेंबरात छाती भरली ती अजून पुरती सुटलेली नाही. घरी आईला सांगितलेलं नाही.

नियमावली, एजन्सीची जबाबदारी हे मी लेखी कसं विचारू?

नियमावली

ईमेल करा, फोन नको. पत्ता, तारीख, वेळ, तापमान आणि गरम पाणी नव्हतं हे सगळं लिहा. त्या जागेसाठी धोक्याची तपासणी कोणी केली, तिची प्रत मिळेल का, एवढंच सभ्यपणे विचारा. मसुदा करून व्यक्तिगत निरोपात पाठवा, मी बघून देतो.

पेठेतली_वैद्यबाई (लीड्स)

पिशवी, सोमवारी जीपीला (फॅमिली डॉक्टरला) फोन कर. नोव्हेंबरपासूनचा खोकला अंगावर काढायचा नाही.

रानजाई, तुमच्या बोटांचं विचारते. गारठ्यात बोटं आधी पांढरीफटक, मग निळसर आणि ऊब लागली की लाल होऊन झिणझिणतात, असं होतं का? काहींना थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या जास्तच आकसण्याचा त्रास असतो, त्याला रेनॉड म्हणतात. बायकांत जास्त दिसतो. तसं असेल तर तपासून घ्या, आणि मग हीटिंग मागायला संकोचायचं कारणच उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड देशांतल्या घरांसाठी किमान १८ डिग्री सुचवले आहेत. ते राहणाऱ्यांसाठी आहेत, पण तीन तास गुडघ्यांवर बसणारं शरीरही तेच असतं.

वऱ्हाडी_ठेचा (नागपूर)

तुमचा हिवाळा राहू द्या जी, आमच्याकडे उलटं आहे. मे महिन्यात पारा ४५ वर, कूलर हॉलमध्ये, आणि बाई भांडी घासते आतल्या मोरीत, जिथे पंखा पण नाही. कूलरच्या हवेत बसून 'झालं का गं' म्हणून विचारून राहिले लोक. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या ताईंना मोरीतच भोवळ आली. तेव्हापासून भांडी सकाळी सातच्या आत, आणि मोरीच्या दाराशी टेबलफॅन. फॅन बाराशे रुपयाचा. आधीच का नाही घेतला, याचं मला अजून वाईट वाटते.

सोनचाफा

ठेच्यांनी लिहिलं म्हणून धीर आला, आता माझंही सांगते. लहानपणी आमच्याकडे धुणं-भांड्याला सखूमावशी यायच्या. (नाव बदललंय.) डिसेंबर-जानेवारीत पुण्याचं सकाळचं नळाचं पाणी म्हणजे सुया टोचतात हाताला. आई त्या यायच्या आधी बंबात दोन घागरी पाणी जास्त तापवायची, पुढे गीझर आल्यावर मोरीत गरम नळाची वेगळी तोटी काढून घेतली. शेजारच्या काकू म्हणाल्या, सवय लावू नका, मग आम्हालाही लावावी लागेल. आई म्हणाली, लावा की.

मावशींच्या हातांना भेगा असायच्या, त्यात राख जाऊन काळ्या रेघा झालेल्या. आई रात्रीची साय वाटीत काढून ठेवायची त्यांच्यासाठी. मला ते हात अजून दिसतात. तेव्हा गीझरच्या बिलाचा हिशोब आमच्याही घरी व्हायचाच, वडील सरकारी नोकरीत कारकून होते.

जुनी_वही (पुणे)

सोनचाफा, शेजारच्या काकूंचं ते वाक्य मी पण ऐकलंय, 'सवय लावू नका'. पण बायकांनी स्वतः मागायला सुरुवात केली ती १९८० मध्ये. पुण्यात मोलकरणींनी एकदम उत्स्फूर्त संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, सुट्ट्या, आजारपणात काम न जाणं, अशा साध्या मागण्या. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ उजाडलं. घरकामगारांसाठीचा १८९ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये जिनिव्हात झाला. भारताने बाजूने मत दिलं पण मंजुरी अजून दिलेली नाही. ब्रिटन तर मतदानातच तटस्थ राहिलं. नियमावलींनी कलम ५१ सांगितलं तेव्हा ते आठवलं. दोन्ही देशांत घराचा उंबरठा आला की कायदा बाहेर चपला काढून थांबतो.

खडकाळ_किनारा (अ‍ॅबर्डीन)

आम्ही पार वरचे. डिसेंबर २०२२ च्या लाटेत आमच्या पश्चिमेला ब्रेमारला उणे १७.३ होतं. इथे सुट्टीला भारतात जातानाही हीटिंग पूर्ण बंद करत नाहीत. का, तर पाइप गोठून फुटतील. थर्मोस्टॅटवर त्यासाठी वेगळं चिन्ह असतं, हिमकणाचं.

पाइपांसाठी महिनाभर चालू ठेवतो आपण. माणसासाठी तीन तास का जड व्हावेत, मला खरंच कळत नाही.

हळदकुंकू

+१. हे वाक्य त्या घरमालकांना पाठवा.

दाबमापक (मिल्टन कीन्स)

बॉयलर बसवणं-दुरुस्त करणं हा माझा धंदा, म्हणून पैशांचं बोलतो. इतके प्रतिसाद झाले पण तीन तासांना लागतात किती हे कोणी मांडलंच नाही.

माझं दोन बेडरूमचं जुनं टेरेस घर, म्हणजे रांगेतलं, भिंतीला भिंत लागून असलेलं. निवलेल्या अवस्थेतून १७ पर्यंत आणून तीन तास ठेवायला गेल्या आठवड्यात मीटरवर साधारण १५ युनिट गॅस गेला. २०२२ च्या महागड्या हिवाळ्यात गॅस युनिटला १०.३ पेन्स होता. त्या दराने धरलं तरी दीड पौंडाच्या आसपास. घर मोठं आणि गळकं असेल तर दुप्पट धरा. तासाला पंधरा पौंड देणाऱ्या माणसाला तीन तासांच्या पंचेचाळीसवर हे फार नाही.

'मग छोटा विजेचा हीटर देतो' असं काही जण म्हणतात. दोन किलोवॅटचा हीटर तीन तास म्हणजे सहा युनिट. त्याच हिवाळ्यातला विजेचा दर ३४ पेन्स, झाले दोन पौंड चार पेन्स. खोली एकच तापते, आणि ती बाई तर खोल्या बदलत फिरते. ओल्या हाताने बाथरूममध्ये हीटर ओढत नेणं तर जिवावरचं आहे. तसं कधीही करू नका.

आता घरमालकाच्या फायद्याचं. गार घरात बादलीभर गरम पाण्याने फरशी पुसली, बाथरूम धुतलं, की ती वाफ जाते कुठे? गार भिंतीवर आणि खिडकीच्या काचेवर बसते. तिथून बुरशी. कपाटामागे काळे ठिपके आले म्हणून मला फोन येतात, आणि दहातली निम्मी घरं दिवसभर बंद-गार ठेवलेली असतात. सफाईच्या दिवशी घर कोमट ठेवा, खिडकी दहा मिनिटं उघडा. फरशी वाळेल, ठसे राहणार नाहीत.

थेम्सकाठचा

दाबमापक, मी आत्ता माझ्याच मीटरचे मागचे शुक्रवार काढून बघितले. तुमच्या आकड्याच्या जवळपासच येतंय. पंधरा मिनिटांत स्वेटर काढतात असं मी लिहिलं होतं. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, काढतात कारण बाही ओली होते, उकडतं म्हणून नाही. मी कधी घरी नसतो शुक्रवारी, तिने पाहिलंय. टायमर बदलला.

अबोली (हाउन्स्लो)

एक वेगळी बाजू मांडू का? मी पण हेच काम करते, सहा वर्षं. सगळे म्हणतायत मागा. पण ज्याच्याकडे खरंच नाही त्याचं काय? माझ्याकडे एक पंच्याऐंशीच्या आजी आहेत, इंग्लिश, एकट्या. संपूर्ण घरात एका खोलीत हीटर, बाकी दारं बंद, दाराखाली कापडाची वळकटी. स्वयंपाकघरात श्वासाची वाफ दिसते. त्यांच्याकडे हीटिंग मागायला माझी जीभ रेटत नाही. तीच बाई माझ्यासाठी चालू करेल आणि मग आठवडाभर स्वतः कमी लावेल, हे मला माहीत आहे.

पेठेतली_वैद्यबाई

अबोली, तिथे प्रश्न तुमच्या ऊबेचा नाही, त्यांच्या जिवाचा आहे. त्या वयात गार घर हृदयाला आणि फुप्फुसांना फार वाईट. त्यांना बिलातली १५० पौंडांची सूट मिळते का, पेन्शनसोबतचा हिवाळी भत्ता येतो का, हे मुलाबाळांना किंवा कौन्सिलला विचारायला लावा. तुम्ही आठवड्यातून एकदा आत जाणाऱ्या एकमेव असाल कदाचित.

अबोली

मुलगी आहे, दूर राहते. तिचा नंबर फ्रिजवर लावलाय. आज फोन करते.

चहाबाज

इंग्लंडच्या गारठ्यावरून मी आमच्या निफाडच्या थंडीबद्दल लिहिणार होतो, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात वगैरे. पण अबोलीताईंचं वाचून थांबलो. आजींचं काय झालं ते नक्की कळवा.

रानजाई

सगळ्यांचे आभार. इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. दोन आठवड्यांनी येतेय, कारण आधी बोलायचं आणि मगच लिहायचं असं ठरवलं होतं.

मंगळवारच्या ताईंना मेसेज केला. माफी मागितली नाही, तक्रारही केली नाही. एवढंच लिहिलं, 'मी असते तेव्हा घरात ११-१२ डिग्री असतात. बोटं बधिर होतात, डिश त्यामुळेच फुटली. फरशी वाळत नाही. मी असेन ते तीन तास १६ वर ठेवाल का?' दहा मिनिटांत उत्तर आलं की त्यांना कल्पनाच नव्हती. साडेसातचा टायमर आधीच्या मालकांनी लावलेला, यांनी कधी बदललाच नव्हता. आता त्या ऑफिसमधून फोनवरून नऊला चालू करतात. परवा दार उघडलं तर १५ होते.

गुरुवारच्या घरी नाही म्हणाले. 'आधीच्या बाईंनी कधी मागितलं नव्हतं.' मी महिन्याची नोटीस दिली. तिथले पैसे चांगले होते, नवऱ्याला थोडी काळजी वाटली. पण हळदकुंकूताईंनी त्यांच्या ओळखीचं एक घर सुचवलंय, सोमवारपासून जाते. आणि वैद्यबाई, बोटं तुम्ही म्हणता तशीच पांढरी होतात. जीपीची वेळ घेतली आहे.

नवीन घरी दर ठरवताना पहिल्याच दिवशी तापमानही ठरवून टाकलं. त्या बाई लगेच 'हो' म्हणाल्या आणि मला थर्मोस्टॅट कसा फिरवायचा ते दाखवलं.

पाठीवरची_पिशवी

एजन्सीला ईमेल गेली. उत्तर आलं की गॅस बंद असलेल्या फ्लॅटला यापुढे एकट्याला पाठवणार नाहीत आणि गरम पाण्याची सोय आधी विचारतील. बघू पाळतात का. डॉक्टरांनी औषध दिलंय.

अबोली

आजींची मुलगी शनिवारी येऊन गेली. बिलातल्या सवलतीचे अर्ज तिने भरलेत. मी आता आजींची खोली आधी करते, दार उघडं ठेवून, आणि स्वयंपाकघर शेवटी, म्हणजे तोवर तिथे थोडी ऊब पोचते. त्या माझे हातमोजे हीटरसमोरच्या खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवतात.

दाबमापक

छान. फक्त हीटरपासून हातभर लांब, रबर आहे.

रानजाई

अबोली, कुठले वापरतेस? माझे साधे आहेत, आत पाणी गेलं की संपलं.

अबोली

आत सुती अस्तर असलेले घे, लांब मनगटाचे. आणि एक नंबर मोठा, म्हणजे खाली पातळ लोकरीचे पण मावतात.